आयातशुल्क नेमकं कोणाच्या खिशातून जातं?

आयातशुल्काबद्दल विचारले जाणारे प्रश्न तीन आहेत. आयातशुल्क परदेशी विक्रेता भरतो असं राजकारणी सांगतात आणि अर्थतज्ज्ञ म्हणतात ते आपणच भरतो, तर खरं काय? मुक्त व्यापार इतका चांगला असेल, तर आजचे श्रीमंत देश स्वतः भिंती बांधून मोठे कसे झाले? आणि शुल्क लावल्याने व्यापारतूट, म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जितकी जास्त ती, कमी होते का, नोकऱ्या वाचतात का?

उद्योगांकडून संरक्षणासाठी येणारे अर्ज तपासणं आणि शुल्क लावलं तर कोणावर किती परिणाम होईल याचा हिशोब मांडणं, हे माझं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकतो. आयातशुल्काचा वाद वरून ‘आपण विरुद्ध परदेशी’ असा दिसतो, पण त्यातली खरी रस्सीखेच बहुतेक वेळा एकाच देशातल्या दोन गटांत चाललेली असते. हे एकदा लक्षात आलं की तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधणं बरंच सोपं जातं.

पहिला प्रश्न. कायद्याने शुल्क भरतो तो आयातदार. माल बंदरात उतरतो, कस्टम्स एजंट बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा अर्ज दाखल करतो, मालाचा एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि मूल्य ठरतं, त्यावर दर लागतो, आणि आयातदाराने पैसे भरल्यावर माल सुटतो. परदेशी निर्यातदार या व्यवहारात सहसा कुठेच नसतो. पण कर भरणारा आणि कराचा भार सोसणारा एकच असतो असं नाही. शुल्क वाढल्यावर आयातदार निर्यातदाराला भाव उतरवायला सांगू शकतो. त्याने उतरवला तर तेवढा भार खरोखरच परदेशी माणसावर गेला. नाही उतरवला तर आयातदार एकतर आपला नफा कापतो, नाहीतर गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. कोणाचं किती चालतं, हे कोणाला किती पर्याय आहेत यावर ठरतं. निर्यातदाराला तोच माल दुसऱ्या देशात त्याच भावाने विकता येत असेल, तर तो तुमच्यासाठी भाव का पाडेल?

हे तपासून पाहायची मोठी संधी 2018 मध्ये मिळाली. अमेरिकेने पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलं, मग टप्प्याटप्प्याने चीनहून येणाऱ्या शेकडो अब्ज डॉलरच्या मालावर लावलं. परदेशी विक्रेत्याला नमवायची ताकद कोणत्या बाजारपेठेत असेल तर ती इतक्या मोठ्या बाजारपेठेत. मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन या अर्थतज्ज्ञांनी सीमेवरच्या भावांचे आकडे काढून पाहिले. शुल्क धरण्याआधीचे भाव जवळजवळ जागचे हललेच नव्हते. म्हणजे शुल्काचा जवळपास सगळा भार अमेरिकेतल्याच कंपन्यांवर आणि ग्राहकांवर पडला होता. पाब्लो फायगेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे केलेला अभ्यासही इथेच येऊन पोहोचला. पुढे पोलादाच्या बाबतीत मात्र परदेशी गिरण्यांनी काही काळाने भाव बरेच उतरवलेले दिसले. त्यामुळे ‘शुल्क नेहमी ग्राहकच भरतो’ हेही सरसकट विधान झालं. मालागणिक उत्तर बदलतं, फक्त आतापर्यंतचा पुरावा बहुतांशी आयात करणाऱ्या देशाच्याच खिशाकडे बोट दाखवतो.

त्याच वर्षातलं, अमेरिकेतलंच कपडे धुण्याच्या यंत्रांचं प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. आयात यंत्रांच्या पहिल्या 12 लाख नगांवर 20 टक्के आणि त्यापुढच्या नगांवर 50 टक्के शुल्क लावलं गेलं. यंत्रांच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या. आयात यंत्रांच्या वाढल्या त्यात नवल नाही, पण देशात बनणाऱ्या यंत्रांच्याही वाढल्या, कारण स्पर्धकाचा भाव वर गेल्यावर आपला खाली ठेवायची गरज उरत नाही. कपडे वाळवणाऱ्या यंत्रांवर शुल्क नव्हतंच, तरी त्यांच्याही किमती जवळपास तेवढ्याच चढल्या. ही दोन यंत्रं लोक जोडीने घेतात, म्हणून विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. अॅरन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांनी हा हिशोब मांडला. त्यांच्या अंदाजाने ग्राहकांवर वर्षाला सुमारे 1.5 अब्ज डॉलरचा बोजा पडला, सरकारला त्यातले 10 कोटी डॉलरसुद्धा मिळाले नाहीत, आणि सुमारे 1,800 नोकऱ्या तयार झाल्या. एका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला 8 लाख डॉलरहून जास्त मोजले. त्या कामगाराला अर्थातच इतका पगार मिळाला नाही.

उरलेले पैसे कुठे जातात, हे कळायला साधं अंकगणित पुरेसं आहे. चलन कुठलंही धरा. एका वस्तूचा जागतिक भाव 1,000 आहे. देशात वर्षाला 1 लाख नग खपतात, त्यातले 30 हजार देशी कारखाने बनवतात आणि 70 हजार बाहेरून येतात. आता 20 टक्के शुल्क लावलं आणि निर्यातदाराने भाव उतरवला नाही, तर देशातला भाव 1,200 होतो. समजा खप 90 हजारांवर आला, देशी उत्पादन 45 हजारांवर गेलं आणि आयात 45 हजार उरली. जे अजूनही वस्तू घेतात त्यांनी नगामागे 200 जादा दिले, म्हणजे 1 कोटी 80 लाख. ज्या 10 हजार जणांनी घेणंच सोडलं त्यांचं नुकसान आणखी सुमारे 10 लाखांचं. ग्राहकांचे एकूण 1 कोटी 90 लाख गेले. सरकारला 45 हजार नगांवर 90 लाख मिळाले. देशी उत्पादकांचा फायदा 75 लाख. बेरीज 1 कोटी 65 लाख होते आणि 25 लाखांचा मेळ लागत नाही. हे 25 लाख कोणालाच मिळाले नाहीत. जी वस्तू 1,000 ला मिळत होती ती देशात 1,000 ते 1,200 खर्चून बनवण्यात त्यातले 15 लाख गेले, आणि ज्यांना ती परवडेनाशी झाली त्यांच्या गैरसोयीत 10 लाख.

मुक्त व्यापाराची बाजू घेणारे त्या 25 लाखांबद्दल फार बोलतात. मला मात्र त्याआधीच्या रकमा जास्त महत्त्वाच्या वाटतात. 75 लाखांची वाटणी तीन-चार कारखान्यांत होते आणि 1 कोटी 80 लाखांची 90 हजार लोकांत. प्रत्येक ग्राहकाचे गेले 200. दोनशेसाठी कोणी वकील लावत नाही. कारखान्यांना मात्र वकील, हिशेबनीस, लॉबी, सगळं परवडतं. अर्जावर सुनावणी होते तेव्हा हा फरक डोळ्यांनी दिसतो. एका बाजूला जाडजूड फायली घेऊन उत्पादकांची माणसं बसलेली असतात. दुसऱ्या बाजूला एखादा आयातदार आणि कधीतरी तो माल कच्चा माल म्हणून वापरणारी एखादी कंपनी. शेवटचा ग्राहक त्या खोलीत कधी आलेला मी पाहिलेला नाही. थोडक्यांचा मोठा फायदा आणि पुष्कळांचं थोडं नुकसान अशी विभागणी असली की थोडके संघटित होतात, हे अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी 1965 मध्ये मांडलं होतं. शुल्काच्या धोरणाला ते तंतोतंत लागू पडतं.

आता जो भाग सार्वजनिक चर्चेत जवळजवळ येतच नाही, त्यावर थोडा वेळ घालवतो, कारण चुकीचे निर्णय सर्वांत जास्त इथेच होतात. लोकांच्या डोळ्यांसमोर आयात म्हणजे दुकानात मांडलेला तयार माल असतो. पण जगातल्या व्यापाराचा फार मोठा हिस्सा कच्चा माल, सुटे भाग आणि यंत्रसामग्रीचा आहे. तो माल ग्राहक घेत नाही, देशी कारखाने घेतात. त्यामुळे शुल्क लावताना दर किती एवढंच पाहून भागत नाही. ते साखळीतल्या कोणत्या कडीवर बसलंय हे पाहावं लागतं.

समजा एका तयार वस्तूचा जागतिक भाव 100 आहे आणि तिला लागणारे सुटे भाग 60 चे. म्हणजे कारखान्याच्या हाती मजुरी, नफा, भाडं यांसाठी 40 उरतात. तयार वस्तूवर 20 टक्के शुल्क लावलं आणि भागांवर काहीच नाही, तर कारखाना ती वस्तू 120 ला विकू शकतो आणि हाती 60 उरतात. दर 20 टक्के, पण कारखान्याला मिळालेलं खरं संरक्षण 50 टक्के. उलट भागांवर 20 टक्के लावलं आणि तयार वस्तूवर शून्य, तर भाग 72 ला पडतात, विक्रीचा भाव 100 च राहतो आणि हाती उरतात 28. हे उणे 30 टक्के संरक्षण झालं. देशी उद्योगाच्या रक्षणासाठी म्हणून लावलेल्या शुल्काने देशी उद्योगालाच दंड झाला. कारखान्याला प्रत्यक्षात मिळणाऱ्या अशा अधिक-उणे संरक्षणाला परिणामकारक संरक्षण म्हणतात. 1960 च्या दशकात मॅक्स कॉर्डन आणि बेला बलासा यांनी ते मोजायची पद्धत घालून दिली. दुसऱ्या प्रकाराला आमच्याकडे इन्व्हर्टेड ड्युटी म्हणतात. दर ठरवणाऱ्याने एका वेळी एकच अर्ज पाहिला की ती हमखास तयार होते. आज भाग बनवणारा येतो आणि दर वाढवून घेतो, तीन वर्षांनी तयार माल बनवणारा मोडकळीला येऊन आपल्यालाही संरक्षण हवं म्हणतो, मग त्याला दिलं की त्याचा माल वापरणारा तिसरा येतो.

पोलाद हे याचं नेहमीचं उदाहरण. मार्च 2002 मध्ये अमेरिकेने निरनिराळ्या पोलादी मालावर 8 ते 30 टक्के शुल्क लावलं. पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणाऱ्या उद्योगांत कितीतरी पटींनी जास्त माणसं कामाला असतात, आणि त्या सगळ्यांचा खर्च वाढला. जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरुद्ध गेला, युरोपने प्रत्युत्तराची यादी तयार ठेवली, आणि डिसेंबर 2003 मध्ये शुल्क मागे घ्यावं लागलं. पुढे 2018 च्या शुल्काबद्दल अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेतल्या फ्लाएन आणि जस्टिन पिअर्स यांनी असं दाखवलं, की संरक्षणातून कारखानदारीत जो थोडाफार रोजगार वाढला त्याहून जास्त तो महागलेल्या कच्च्या मालामुळे आणि इतर देशांच्या प्रत्युत्तरामुळे घटला. नोकऱ्या वाचतात का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. शुल्क ज्याच्यावर लागलं त्या कारखान्यातल्या वाचलेल्या नोकऱ्या मोजता येतात, त्यांचे फोटोही निघतात. जी ऑर्डर मिळालीच नाही म्हणून जी भरती झालीच नाही, ती कुठे नोंदवली जाणार?

प्रत्युत्तराचा भारही असाच भलत्याच्या माथी येतो. चीनने जुलै 2018 मध्ये अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के शुल्क लावलं. पोलादाशी किंवा यंत्रांशी त्या शेतकऱ्यांचा काही संबंध नव्हता. त्यांची गिऱ्हाइकं ब्राझीलकडे वळली आणि अमेरिकी सरकारला पुढच्या दोन वर्षांत शेतकऱ्यांना 20 अब्ज डॉलरहून जास्त मदत द्यावी लागली.

दुसरा प्रश्न इतिहासाचा, आणि तो रास्त आहे. डेव्हिड रिकार्डो यांचं 1817 मधलं उदाहरण अर्थशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेलं असतं. वर्षभर पुरेल इतकं कापड बनवायला इंग्लंडमध्ये 100 माणसं लागतात आणि दारू बनवायला 120. पोर्तुगालमध्ये कापडाला 90 आणि दारूला 80. पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे. तरी इंग्लंडने कापड देऊन दारू घेतली तर 120 माणसांचं काम 100 मध्ये होतं, आणि पोर्तुगालने दारू देऊन कापड घेतलं तर 90 माणसांचं काम 80 मध्ये. दोघांचाही फायदा. मला अजूनही हा युक्तिवाद अर्थशास्त्रातल्या सर्वांत खणखणीत युक्तिवादांपैकी एक वाटतो. पण तो आज कोण कशात तुलनेने सरस आहे, हे गृहीत धरून चालतो. कौशल्य काम करता करता वाढतं, आणि आज कमी पडणारा उद्योग दहा वर्षांनी सरस ठरू शकतो, हे त्यात नाही.

नेमका हाच मुद्दा अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1791 मध्ये आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांनी 1841 मध्ये मांडला. नवजात उद्योगाला उभं राहीपर्यंत आधार द्या, म्हणजे तो प्रस्थापित स्पर्धकाच्या धक्क्याने मरणार नाही. या मांडणीत तथ्य आहे. अमेरिका एकोणिसाव्या शतकात, विशेषतः यादवी युद्धानंतर, चढ्या शुल्काआड वाढली हे खरं आहे. पण त्याच काळात तिथे स्थलांतरितांचे लोंढे येत होते, बाहेरचं भांडवल येत होतं, आणि खंडाएवढ्या देशात राज्याराज्यांमधला व्यापार पूर्ण खुला होता. शुल्क होतं आणि वाढ झाली, एवढ्यावरून शुल्कामुळे वाढ झाली असं म्हणता येत नाही. शिवाय हॅमिल्टन यांचा हवाला देणारे एक गोष्ट सांगत नाहीत: नव्या उद्योगांना थेट अनुदान देणं हा त्यांना अनेक बाबतींत शुल्कापेक्षा बरा उपाय वाटत होता. अनुदानाने उत्पादकाला हात मिळतो आणि ग्राहकाला भाव वाढवून बसत नाही. त्याचा खर्चही सरकारी हिशोबात उघड दिसतो, दरवर्षी कोणीतरी जाब विचारू शकतं.

बाल उद्योगाच्या मांडणीची खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. दक्षिण कोरियाने 1960 आणि 70 च्या दशकांत देशी बाजार घट्ट बंद ठेवला होता. त्याच वेळी कंपन्यांना निर्यातीची लक्ष्यं दिली होती, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दर महिन्याला निर्यातीची बैठक स्वतः घेत. स्वस्त कर्ज कोणाला मिळायचं हे बाहेरच्या बाजारात माल खपतो की नाही यावर ठरे. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे निर्यातीसाठी लागणाऱ्या आयात कच्च्या मालावर शुल्क माफ होतं. म्हणजे उणे संरक्षणाचा जो सापळा वर सांगितला, त्यातून निर्यातदारांना त्यांनी पहिल्यापासून बाहेर ठेवलं. 1964 मध्ये 10 कोटी डॉलर असलेली कोरियाची निर्यात 1977 मध्ये 10 अब्ज डॉलरवर पोहोचली. दुसरीकडे ब्राझीलने 1984 मध्ये कायदा करून संगणकांची बाजारपेठ आठ वर्षांसाठी देशी कंपन्यांना राखून दिली. बाहेर माल विकून दाखवायची अट नव्हती. संगणक महाग राहिले, जगाच्या मागे राहिले, आणि त्यांचा फटका संगणक वापरू पाहणाऱ्या बाकी सगळ्या उद्योगांना बसला. दोन्ही देशांनी भिंत बांधली होती. कोरियाच्या भिंतीआडच्या कंपनीला दरवर्षी बाहेर जाऊन परीक्षा द्यावी लागत होती, ब्राझीलच्या कंपनीला नाही.

ब्रिटनचं उदाहरण उलट बाजूने दिलं जातं. 1815 च्या धान्य कायद्यांनी गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्लिश माप) 80 शिलिंगांच्या खाली असेपर्यंत परदेशी गहू विक्रीला बंद केला. फायदा जमीनदारांचा, आणि भाकरीला महागडा भाव मोजणारा कामगार. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी त्याविरुद्ध चळवळ चालवली. 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वतःच्या पक्षाचा विरोध पत्करून ते कायदे रद्द केले. पक्ष फुटला आणि पील यांना पायउतार व्हावं लागलं. त्या सगळ्या लढ्यात परदेशी शेतकरी कुठेच नव्हता. इंग्लंडमधला जमीनदार एका बाजूला, आणि इंग्लंडमधला गिरणीमालक व मजूर दुसऱ्या बाजूला.

इथे मुक्त व्यापाराच्या समर्थकांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. रिकार्डो यांच्या उदाहरणात दारू बनवणं सोडलेली इंग्लंडमधली माणसं निमूट कापड विणायला जातात. खऱ्या जगात पन्नाशीतला कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात असा सहज जात नाही. व्यापार खुला झाल्यावर देशाचा एकूण फायदा झाला तरी एखाद्या गटाचं उत्पन्न कायमचं घटू शकतं, हे वोल्फगँग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी 1941 मध्येच सिद्ध केलं होतं. तरी कित्येक वर्षं ‘जिंकणारे हरणाऱ्यांची भरपाई करू शकतात’ एवढं म्हणून विषय मिटवला जाई. करू शकतात; करतात का? डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 मध्ये दाखवलं, की चिनी मालाच्या स्पर्धेचा जास्त मार बसलेल्या अमेरिकी भागांत कारखान्यांतला रोजगार गेला, मजुरी घसरली, आणि माणसं तिथून फारशी हललीही नाहीत. नंतरच्या एका अभ्यासाने 1999 ते 2011 या काळात गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज 20 लाखांच्या वर काढला. अशा कामगारांसाठी अमेरिकेत 1962 पासून एक मदत योजना होती. ती नेहमीच अपुरी राहिली, आणि जुलै 2022 मध्ये मुदत संपल्यावर नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. ज्यांचं नुकसान झालं त्यांचा राग खोटा नाही. त्यांना ‘सरासरी फायदा झालाय’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

पण त्या रागावर शुल्क हा उपाय होतो का? वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला कारखाना आज शुल्क लावून पुन्हा उघडला, तरी तिथे जुनी माणसं आणि जुन्या जागा परत येत नाहीत. यंत्रं बदललेली असतात. आणि वाढलेल्या किमतीचा भार उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबावर जास्त पडतो, कारण त्याच्या खर्चात वस्तूंचा वाटा मोठा असतो. दरपत्रकातही हे लपलेलं सापडतं: अमेरिकेत अगदी स्वस्त कापडी बुटांवरचं मूळ शुल्क 48 टक्क्यांपर्यंत जातं, आणि चामड्याचे चांगले बूट 10 टक्क्यांच्या आसपास सुटतात.

व्यापारतुटीचं उत्तर लहान आहे. एखादा देश जितकं कमावतो त्यापेक्षा जास्त खर्च आणि गुंतवणूक करत असेल, तर उरलेलं बाहेरून येणारच. एकूण तूट देशातली बचत आणि गुंतवणूक यांच्यातल्या फरकाएवढी असते आणि शुल्काने तो फरक फारसा बदलत नाही. अब्बा लर्नर यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं की आयातीवरचा कर शेवटी निर्यातीवरच्या करासारखाच वागतो: आयात घटली की चलन महाग होतं, मजुरी-भांडवल महाग होतं, आणि निर्यातही घटते. 2018 नंतर अमेरिकेची चीनशी असलेली तूट कमी झाली. व्हिएतनाम आणि मेक्सिकोशी असलेली वाढली. एकूण तूट पुढे आणखी मोठी झाली. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने देशोदेशींसाठी जाहीर केलेले ‘परस्पर’ दर त्या देशाशी असलेल्या वस्तूंच्या व्यापारातल्या तुटीला आयातीने भागून आणि निम्मे करून काढले होते. समोरचा देश किती शुल्क लावतो, हे त्या सूत्रात नव्हतंच. दोन देशांमधली तूट म्हणजे कोणीतरी लबाडी केल्याचा पुरावा, असं धरून चालल्यावरच असं सूत्र सुचतं. आणि ते धरणंच चूक आहे.

मग शुल्क कधीच लावू नये का? असं मी म्हणत नाही. देशाची सुरक्षा श्रीमंतीपेक्षा महत्त्वाची, हे मुक्त व्यापाराचे आद्य पुरस्कर्ते ॲडम स्मिथ यांनी 1776 मध्येच मान्य केलं होतं. एकाच देशावर पूर्ण विसंबून राहिलेल्या औषधी द्रव्यांबाबत किंवा दुर्मिळ खनिजांबाबत जादा किंमत मोजून दुसरी सोय करणं शहाणपणाचं ठरू शकतं, मात्र ती किंमत किती आणि कोण देतंय हे उघड सांगितलं पाहिजे. ज्या देशात प्राप्तिकर वसूल करायची यंत्रणाच उभी नाही तिथे बंदरावर कर घेणं सोपं पडतं. अमेरिकेतही 1913 मध्ये प्राप्तिकर येण्याआधी सरकारचा मोठा महसूल शुल्कातूनच येई. फार मोठी बाजारपेठ असलेला देश शुल्क लावून परदेशी विक्रेत्यांना काही प्रमाणात भाव उतरवायला लावू शकतो, हेही सिद्धांतात बरोबर आहे. समोरच्याने प्रत्युत्तर दिलं की तो फायदा टिकत नाही, एवढंच.

माझा आग्रह असतो तो मुदतीचा. 1983 मध्ये अमेरिकेने 700 सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क 4.4 टक्क्यांवरून 49.4 टक्क्यांवर नेलं. अर्ज हार्ले-डेव्हिडसनचा होता. पण आदेशातच लिहिलं होतं की दर दरवर्षी उतरत जाईल आणि पाच वर्षांनी संपेल. कंपनीने त्या काळात कारखाने सुधारले आणि 1987 मध्ये स्वतःहून सांगितलं की आता गरज नाही. पुढच्या अभ्यासांनी असंही म्हटलं, की कंपनी सावरण्यात शुल्काचा वाटा थोडाच होता. जपानी कंपन्यांनी 700 सीसीच्या किंचित आतली इंजिनं काढून वाट शोधली होती. तरीही शेवट तारखेला बांधलेला होता म्हणून तो झाला.

याउलट पाहा. युरोपने अमेरिकी कोंबडीवर शुल्क लावलं म्हणून अमेरिकेने 1964 मध्ये प्रत्युत्तरादाखल हलक्या ट्रकवर 25 टक्के लावलं. कोंबडीचं भांडण केव्हाच विरलं, ट्रकवरचा दर साठ वर्षांनंतरही कायम आहे. 2025 पर्यंत प्रवासी गाडीवर 2.5 टक्के आणि मालवाहू गाडीवर 25 टक्के अशी दरी होती, आणि अशा दरीत मग इंजिनिअर कामाला लागतात. फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्यांसह प्रवासी गाड्या म्हणून आणल्या, आणि बंदरातून बाहेर पडल्यावर त्या सीट काढून टाकून त्या मालवाहू म्हणून विकल्या. ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि मार्च 2024 मध्ये कंपनीने 36.5 कोटी डॉलर भरून मिटवलं. काढून टाकण्यासाठीच सीट बसवायच्या, यात खर्च झालेली मेहनत कोणाच्याही उपयोगी पडली नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादं शुल्क जाहीर झालं की भाषण बाजूला ठेवा आणि अधिसूचना उघडा. दर कधी संपणार याची तारीख त्यात आहे का ते पाहा. मग एचएस कोड पाहा: तो माल दुकानात जातो की दुसऱ्या कारखान्यात? कारखान्यात जात असेल, तर त्या कारखान्याच्या तयार मालावरचा दर काय आहे तोही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी करा. दर नगावर ठरावीक रक्कम असा असेल तर जास्त सावध राहा. 1930 च्या अमेरिकी स्मूट-हॉली कायद्यातले बरेच दर तसे होते, मंदीत भाव कोसळले आणि कोणी काही न करता त्या दरांचा खरा बोजा वाढत गेला. त्या कायद्यावर सही करू नका असं 1,028 अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना लिहून कळवलं होतं. महामंदी त्या कायद्यामुळे आली असं मात्र बहुतेक अभ्यासक मानत नाहीत; आधीच बुडत चाललेल्या व्यापाराला त्याने आणि त्यावरच्या प्रत्युत्तरांनी आणखी खाली ढकललं, इतपत म्हणता येतं.